पांढऱ्या फितीतले अकरा अर्ज

इझाबेलला कुणी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की चर्चमध्ये माणसं दोनच प्रकारची: आल्तारावरच्या कापडावर मेण सांडणारी, आणि ते मेण खरवडून काढणारी. पण तिला कोण विचारतंय? अठरा वर्षं ती चर्चची कापडं धूत होती. सासूची नजर गेली तेव्हा हे काम तिच्याकडे आलं आणि मग तिचंच होऊन बसलं. शनिवारी सकाळी तांदळाची पेज काढायची, ती फडक्यातून गाळायची, त्यात चिमूटभर नीळ टाकायची, कापडं त्या खळीतून पिळून वाळत घालायची आणि अर्धवट ओली असतानाच कोळशाची इस्त्री फिरवायची. रविवारी आल्तारावर, चर्चच्या वेदीवर, कागदासारखं ताठ कापड दिसलं की लोक म्हणत, नवे फादर किती टापटिपीचे आहेत! अठरा वर्षांत पाच फादर बदलले, पाचही टापटिपीचे निघाले.

हे धर्मग्राम नंदाखाल आणि वटारच्या आसपास कुठंतरी आहे असं समजा. नाव सांगून भांडण ओढवून घ्यायची हौस नाही. तिथली माणसं मानी आहेत, आणि त्यातली बरीचशी अजून जिवंत आहेत.

इझाबेलचं माहेर भातशेतीतलं. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीचं पुस्तक हातात यायच्या ऐवजी विळा आला, आणि लग्न होईपर्यंत तो सुटला नाही. नवरा सॅन्टन दुसऱ्यांच्या केळीच्या बागांना पाणी लावायचा. माणूस सोन्यासारखा. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा केळींशी. एकच मुलगी, क्लेमेंटीन. ती १९७९च्या जूनमध्ये मॅट्रिक पास झाली, बासष्ट टक्क्यांनी, आणि दोन्ही घराण्यांत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ठरली. निकालाच्या दिवशी सॅन्टन तिला म्हणाला, "बरं झालं." त्याच्या हिशेबानं ते भाषणच होतं.

क्लेमेंटीनला मास्तरीण व्हायचं होतं. वसईतल्या एका अध्यापक विद्यालयाचा अर्ज तिनं आणला आणि चार दिवस भरला. आधी वहीच्या पानावर कच्चा, मग पक्का. पालकाच्या सहीच्या जागी इझाबेलनं सही केली. तिच्या आयुष्यातली ती तिसरी सही. पहिली लग्नाच्या रजिस्टरात, दुसरी रेशनकार्डाच्या कागदावर. सही करायला तिला इतका वेळ लागला की क्लेमेंटीन म्हणाली, "आये, श्वास तरी घे."

आता हिलरीकडे वळायला हवं, कारण घोळ घालायला तोच लागतो.

हिलरी तरुण होता. म्हणजे वयानं सदतीस वर्षांचा होता, टाळूवर केस विरळ झाले होते आणि डावीकडचे उरलेले केस तेल लावून तो उजवीकडे पोचवत असे. पण धर्मग्रामाच्या दप्तरी तो तरुणच होता. गावच्या युवक संघाचा तो एकोणीस वर्षं अध्यक्ष होता. संघात यायला वयाची अट अठरा ते पंचवीस. ती अट त्यानंच लिहिली होती, आणि तिच्या खाली बारीक अक्षरात 'अध्यक्षांस लागू नाही' हेही त्यानंच लिहिलं होतं. मुंबईत एका कचेरीच्या डिस्पॅच विभागात तो पाकिटांवर शिक्के मारायचा. इंटरला दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा परीक्षकांना त्याचा आवाका झेपला नव्हता, असं त्याचं म्हणणं.

दर जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू झाली की हिलरीच्या अंगात यायचं. मार्गदर्शन! चर्चच्या हॉलमध्ये बाकं मांडायची, फळ्यावर 'जीवनाची दिशा' असं लिहून खाली दोन रेघा मारायच्या, आणि ज्या पोरांना आयुष्याचं काय करायचं हे कळत नव्हतं त्यांना, ज्याला स्वतःच्या आयुष्याचं काही करता आलं नव्हतं, त्यानं दोन तास वाट दाखवायची. पोरं यायची, कारण शेवटी बटाटेवडे असायचे. कॉन्रॅड नावाच्या एका मुलाला त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू मर्चंट नेव्हीतच जा." कॉन्रॅडला अर्नाळ्याच्या होडीत बसलं तरी ओकारी यायची. त्यात भर म्हणजे पत्रकं. दरवर्षी एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक निघायचं, आणि सगळ्यांत हिलरीचंच भाषण. आदल्या वर्षीच्या पत्रकाचा मथळा होता, 'तरुणा, तुझी नाव कोणत्या किनाऱ्याला?' चारशे छापली, साठ वाटली गेली. उरलेली साक्रिस्तीतल्या कपाटात तळाच्या खणात पडून होती. साक्रिस्ती म्हणजे आल्तारामागची खोली, जिथं फादर मिस्सेच्या उपासनेचे कपडे घालतात. तिथल्या कपाटात वाळवी येऊ नये म्हणून इझाबेल त्या पत्रकांवर कडुनिंबाचा पाला टाकायची. तिच्या मनात यायचं, वाळवीनंच ही वाचली असती तर बरं झालं असतं, तेवढंच कुणीतरी शेवटपर्यंत गेलं असतं.

युवक संघावर तिचा राग जुना होता, आणि तो भक्तीच्या बाबतीतला नव्हता, कापडांच्या बाबतीतला होता. फलक लावायला आल्तारावरच्या कापडाला टाचण्या टोचायच्या आणि त्या तशाच ठेवून जायच्या. जूनच्या हवेत टाचणी गंजते, गंजाचा डाग लिंबानंही जात नाही. वर्षाला दोन कापडं संघाच्या 'नवचैतन्या'पायी फुकट जात. नवचैतन्य हा हिलरीचा आवडता शब्द. इझाबेलला त्याचा अर्थ कळत नव्हता, पण त्याचा डाग कसा दिसतो ते ठाऊक होतं.

तर त्या वर्षी १७ जूनच्या रविवारी मिस्सा संपल्यावर हिलरी माइकपाशी गेला. त्याला नवी कल्पना सुचली होती. पुढच्या रविवारी, २४ तारखेला, बाप्तिस्ता योहानाचा सण. त्या दिवशी 'विद्यार्थी-युवक रविवार' साजरा होईल. गावातल्या मॅट्रिक पास झालेल्या सगळ्या मुलामुलींनी आपापले प्रवेशाचे अर्ज गुरुवारपर्यंत युवक संघाकडे द्यायचे. ते अर्ज पांढऱ्या फितीनं एकत्र बांधले जातील, अर्पणाच्या मिरवणुकीत पाव आणि द्राक्षरसाबरोबर तबकातून आल्तारापर्यंत जातील, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतील, आणि सोमवारी हिलरी स्वतः वसईला जाऊन एकूणएक अर्ज भरेल. "आपल्या पोरांचं भविष्य," हिलरी म्हणाला, "आपण आधी देवाच्या चरणी ठेवू, मग ऑफिसच्या खिडकीवर."

बायांनी डोळे पुसले. खोटं कशाला सांगा, इझाबेलनंही पुसले. तबकावर झाकायला कापड हवं होतं, ते तिनं आपणहून कबूल केलं आणि कडेला लेस असलेलं काढून दुहेरी खळ दिली. फादर ऑगस्टीन वयानं साठीचे, स्वभावानं मऊ. त्यांना कुणी उत्साहानं काही सांगितलं की ते हो म्हणायचे, कारण नाही म्हणायला कारणं शोधावी लागतात. ते हो म्हणाले.

अर्जावर शेवटची तारीख छापलेली होती. ती कुणीच पाहिली नाही असं नाही. अर्ज देणाऱ्या अकराही मुलांनी पाहिली होती. पण हिलरीचा तारखेवर विश्वास नव्हता. चौदा वर्षं डिस्पॅचमध्ये काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की तारीख म्हणजे शिक्का, आणि शिक्का फिरवता येतो.

शनिवारी, २३ तारखेला सकाळी, इझाबेल मागच्या पडवीत खळ ढवळत होती. पायरीवर क्लेमेंटीन बसली होती आणि मान खाली घालून नखानं पायरीचा पोपडा काढत होती. या मुलीची रडायची तऱ्हा अशीच होती. आवाज नाही, भिंतीचं नुकसान.

"काय झालं?"

"काही नाही."

"पायरी खोदून काढशील. काय झालं सांग."

"आये, आज शेवटची तारीख आहे. दुपारी बारापर्यंत."

इझाबेलचा डाव पेजेत तसाच राहिला. "मग तू हिलरीला बोलली नाय?"

"बोलले. गुरुवारीच बोलले. ते म्हणाले, देवाच्या आशीर्वादाला शेवटची तारीख नसते. आणि वसईच्या ऑफिसातला क्लार्क त्यांच्या ओळखीचा आहे. सोमवारीसुद्धा घेईल म्हणाले."

"आनि तू गप बसली?"

"सगळेच गप्प बसले," क्लेमेंटीन म्हणाली. "देवाच्या नावानं बोलल्यावर काय बोलणार?"

इझाबेलनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पदर खोचला, धुतलेल्या कापडांची टोपली काखेत घेतली आणि निघाली. टोपली घ्यायचं काही कारण नव्हतं, पण रिकाम्या हातानं चर्चमध्ये जायची तिला सवय नव्हती.

चर्चच्या अंगणात मिरवणुकीचा सराव चालला होता. दहा मुलं रिकामं तबक घेऊन ओळीनं चालत होती, गिटारवर कुणीतरी तीनच सूर पुन्हापुन्हा छेडत होतं आणि हिलरी शिट्टी गळ्यात अडकवून सांगत होता, "दोन पावलं, पॉज. दोन पावलं, पॉज. चेहऱ्यावर आनंद!" आदल्या रात्री झोपलेला नसावा. देवाला वाट बघायला लावायची म्हणजे केवढी तयारी लागते!

"हिलरी, आमच्या पोरीचा अर्ज दे."

"बाय, सराव चाललाय."

"चालू दे. अर्ज दे, मी नेते वसईला."

हिलरी हसला. लहान मुलांना समजावताना हसतात तसं. "बाय, अर्ज आता माझ्याकडे नाहीत. ते देवाकडे आहेत."

"देव कपाटाच्या कितव्या खनात राहतो?"

गिटारवाला फिस्सकन हसला आणि हिलरीनं त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा तीन सुरांवर आला. "अर्जांना फीत बांधून झालीय," हिलरी आवाज उतरवून म्हणाला. "आल्तारासाठी एकदा वेगळं काढलं, पांढरं बांधलं, की परत मागायचं नसतं. हे मी तुला सांगायचं? आम्हाला जुन्या माणसांनीच शिकवलंय हे."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच ते तिला झोंबलं.

"आनि बारा वाजल्यावर?"

"तिथं माझी ओळख आहे. नुसतं नाव सांगायचं, हिलरी म्हणून. खिडकी उघडते."

"फादर कुठं हायत?"

फादर सकाळीच मुंबईला गेले होते. तिथं धर्मगुरूंचं चर्चासत्र होतं. विषय होता, 'आजचा तरुण चर्चपासून दूर का जातो?' संध्याकाळपर्यंत परतायचे होते.

इझाबेल वळली. टोपली घेऊन ती साक्रिस्तीत गेली. कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातल्या क्रुसाच्याच दोऱ्यात होती. अठरा वर्षं तिथंच होती. फादरांना कधी कपाट उघडायचं झालं तर ते तिला बोलवणं पाठवायचे, आणि गुरुवारी गठ्ठा ठेवायला हिलरीलाही तिनंच ते उघडून दिलं होतं. घड्याळात नऊ वीस झाले होते. दहाची एसटी चुकली असती तर पुढची साडेअकराला, आणि ती वसईला जाऊन काय उपयोग?

कपाट उघडलं. मधल्या खणात, तिच्याच खळीच्या कापडाखाली, तबकाच्या मापाचा गठ्ठा होता. वर पांढऱ्या फितीचं फूल. तिचा हात पुढं गेला आणि थांबला.

तिच्या माहेरी परसात चार केळी होत्या. वर्षाचा पहिला लोंगर चर्चचा, असा नियम. केळफूल वाकलं की आई त्याला पांढरी चिंधी बांधायची. चिंधी बांधली की तो घड घरातल्या कुणाचा नव्हता. एका वर्षी बाप तापानं अंथरुणाला खिळला होता, भात संपलं होतं, आणि परसात तो चिंधीचा लोंगर पिकत होता. इझाबेल आठ वर्षांची होती. धाकटा भाऊ त्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा. मागायचा नाही, नुसता वर बघायचा. आई म्हणायची, "देवाचं हाय, नजर लावू नको." रविवारपर्यंत केळी काळी पडली. आईनं तशीच डोक्यावर वाहून नेली, आल्तारापाशी ठेवली आणि हलक्या मनानं घरी आली. सोमवारी इझाबेल फादरांच्या बंगल्यामागून येत होती. तिथं शेणाच्या खड्ड्यात तो अख्खा लोंगर पडला होता. वर चिंधी तशीच. स्वयंपाक्यानं नासका म्हणून टाकला होता. त्यानं तरी दुसरं काय करायचं? आईला तिनं हे कधी सांगितलं नाही. आई मेली तेव्हाही नाही.

चौतीस वर्षांनी त्या कपाटासमोर तिला पहिल्यांदा आईचा राग आला. आईचा आला, चिंधीचा आला, आणि त्या चिंधीला रेशमी फीत करून मिरवणाऱ्या हिलरीचा तर इतका आला की हात आपोआप पुढं झाला. देवानं काय लोंगर मागितला होता? मागणारा तर झाडाखाली उभा होता.

तिनं फीत सोडली, क्लेमेंटीनचा अर्ज ओळखला (सही तिचीच होती, आणि सगळ्यांत वाकडी तीच होती), तो टोपलीत घातला आणि कपाट बंद केलं. दारापर्यंत गेली. मग थांबली. बाकीच्या दहा जणांच्या आयांनी काय घोडं मारलं होतं? परत आली आणि उरलेले दहाही उचलले.

आता तबकात काय ठेवायचं? तळाच्या खणात पाला झटकून तिनं बघितलं. मापही तेच, जाडीही जमण्यासारखी. 'तरुणा, तुझी नाव कोणत्या किनाऱ्याला?' तिनं पंचवीस-तीस प्रती मोजून सारख्या केल्या, फीत होती तशीच बांधली, फूलही काढलं आणि वर लेसचं कापड नीट पसरलं. कुठंही सुरकुती राहू दिली नाही. काम ते काम.

दहाची एसटी मिळाली. क्लेमेंटीन नाक्यावरूनच बरोबर चढली. सरावाला ती पोट दुखतं म्हणून गेलीच नव्हती, आई निघाल्यावर नाक्यावर येऊन थांबली होती. मांडीवर टोपली, टोपलीत आल्तारावरची कापडं आणि कापडांच्या घडीत अकरा जणांचं पुढचं आयुष्य. क्लेमेंटीननं गाडीतच अर्ज वेगळे केले. आठ कॉलेजचे, तीन अध्यापक विद्यालयाचे. कॉलेज वाटेत होतं, तिथं आठ आधी दिले. अध्यापक विद्यालयाच्या खिडकीपाशी पोचल्या तेव्हा बाराला पंचवीस मिनिटं होती.

खिडकीत हरेश्वर नावाचा कारकून होता. चष्म्यावरून बघणारा, तिरसट. त्यानं अर्ज उलटेपालटे केले. "तुमच्या बाजूचे अर्ज आहेत होय? आठवडाभर एक नाही. मला वाटलं, यंदा तिकडं कुणी पासच झालं नाही."

"पास झाले, साहेब. पन आशीर्वादाला थांबले होते."

"कशाला?"

"जाऊ दे." इझाबेलला राहवेना. "हिलरीला वळखता तुम्ही? युवक संघाचे अध्यक्ष. तुमची ओळख हाय म्हनतात."

हरेश्वरनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. "नाही बुवा," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

"मी इझाबेल. चर्चची कापडं धुते."

त्यानं तीन वेळा शिक्का मारला आणि तीन पोचपावत्या दिल्या. ओळख लागली नाही, नाव लागलं नाही. फक्त वेळेवर यावं लागलं.

रविवारी मिस्सेआधी इझाबेल कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेली. जाळीपलीकडे फादर ऑगस्टीन होते, आदल्या दिवशीच्या चर्चासत्रानं अजून जांभया देत.

"फादर, मी आल्तारासाठी ठेवलेलं उचललं."

"काय उचललंस?"

"अकरा अर्ज. काल बारापर्यंत शेवटचं होतं."

पलीकडची जांभई अर्ध्यावरच थांबली. मग, "काल होतं?"

"अर्जावर छापलंय, फादर. मला आकडे वाचता येतात."

"भरलेस?"

"अकराच्या अकरा."

"देवाचे आभार." मग फादरांच्या एकदम ध्यानात आलं. "इझाबेल, मग आता तबकात काय आहे?"

"हिलरीचं गेल्या वर्षीचं भाषन."

जाळीपलीकडून ठसका आला. नुसता खोकला म्हणावा तर तो फार वेळ चालला. सावरल्यावर फादर म्हणाले, "काल मला चार तास सांगत होते, तरुण चर्चपासून दूर का जातात. मी सगळं वहीत लिहून घेतलं. आणि इथली तारीख बघितली नाही." मग आवाज आणखी खाली गेला. "तीन नमो मारिया म्हण. मी तीस म्हणतो."

"हे कोनाला सांगू नका, फादर."

"मला सांगताच येत नाही," फादर म्हणाले. "तुला ते ठाऊक होतं. म्हणून तर तू इथं येऊन सांगितलंस."

तिला ठाऊक होतं.

मिस्सा थाटात झाली. दोन पावलं, पॉज. चेहऱ्यावर आनंद. तबक क्लेमेंटीनच्याच हातात होतं, आणि ती इतकी लाल झाली होती की बाया म्हणाल्या, बघा, पोरीची भक्ती! हिलरी माइकवरून म्हणाला, "या कागदांत आपल्या तरुणांचं भविष्य आहे!" फादर ऑगस्टीन पवित्र पाण्याची बादली घेऊन खाली उतरले. तबकापाशी आले, त्याकडे पाहिलं, आणि तबक तसंच सोडून पुढं गेले. पाणी त्यांनी मुलांवर शिंपडलं. एकेकाच्या डोक्यावर, सावकाश, नाव घेऊन. हिलरी मागून तबकाकडे बोट दाखवत राहिला. फादरांना त्या दिवशी दिसायला कमी येत होतं.

सोमवारी हिलरी रजा काढून वसईला गेला. खिडकीवर त्यानं नाव सांगितलं, हिलरी म्हणून, आणि हरेश्वरसमोर फीत सोडली. पुढं काय झालं ते हरेश्वरनं आयुष्यभर चवीनं सांगितलं. त्यानं पत्रकाचा मथळा वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात प्रवेश कुणाला हवाय, तुम्हाला का?" मग त्यानंच सांगितलं, तुमच्या गावचे अर्ज शनिवारीच आले, एक बाई देऊन गेल्या.

हिलरी गावात परतला आणि कुणाला काही विचारलं नाही. विचारणार कसा? विचारलं की सांगावं लागलं असतं. मुलांनाही आठवडाभर धाकधूक होती. क्लेमेंटीननं ज्याची त्याची पोचपावती गुपचूप हातात दिली तेव्हा ती धाकधूक गेली. पुढच्या रविवारी हिलरी माइकवर आला आणि म्हणाला, "सांगायला आनंद होतो की आपले अकराच्या अकरा अर्ज वेळेत दाखल झाले आहेत. आशीर्वादाचं फळ!" टाळ्या पडल्या. फादर आल्तारापाशी छताकडे बघत बसले होते. इझाबेल मागच्या बाकावर होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, दोन.

म्हणजे खरं जाणणारी मोठी माणसं तीन, आणि तिघंही गप्प. एकाला बोलायला देवानं बंदी केलेली, दुसऱ्याला लाजेनं, आणि तिसरीला बोलायची गरजच नव्हती. जुलैत अध्यापक विद्यालयाची यादी लागली. क्लेमेंटीनचं नाव सातवं होतं. इझाबेलनं ते सात वेळा वाचून घेतलं.

वर्ष गेलं. पुन्हा जून आला, शाळा उघडल्या, हॉलमध्ये बाकं मांडली गेली, फळ्यावर दोन रेघा मारल्या गेल्या. 'विद्यार्थी-युवक रविवार' आता प्रथा झाली होती. शेजारच्या दोन धर्मग्रामांनी ती उचललीही होती. गुरुवारी संध्याकाळी हिलरी साक्रिस्तीत आला. इझाबेल कापडांच्या घड्या घालत होती. त्यानं पंधरा अर्जांचा गठ्ठा मधल्या खणात ठेवला. फीत बांधली नाही, बाजूला ठेवली. मग तळाच्या खणातून जुन्या पत्रकांची एक चळत काढली आणि शेजारी ठेवली. मापाची. स्वतःच्या हातानं.

"शनिवारी शेवटची तारीख आहे," तो कपाटाशी बोलल्यासारखा म्हणाला. "दुपारी बारा. तू... वसईला जाणार असशील ना?"

इझाबेलनं हातातली घडी पुरी केली. एवढं कळलं होतं तर नुसते अर्ज भरून टाकायचे! पण नाही. मिरवणूक राहिली पाहिजे, माइक राहिला पाहिजे, फक्त एसटीत दुसऱ्या कुणीतरी बसायचं. वर्षभरात माणूस एवढाच शिकला होता. तिला हसूही आलं आणि किळसही.

तिनं गळ्यातला दोरा काढला, क्रूस ठेवून घेतला आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"दहाची एसटी हाय," ती म्हणाली. "साडेअकराची धरलीस तर उपयोग नाय."

शनिवारी सकाळी सरावाला मुलं जमली. शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं. दुपारी एक वाजता हिलरी तिच्या पडवीत आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, डावीकडचे केस डावीकडेच लोंबत होते. हातात पंधरा पोचपावत्या. त्या तिनं मोजल्या.

"हरेश्वरनं विचारलं, तुम्ही कोण," तो म्हणाला.

"मग काय सांगितलं?"

हिलरी चुलीवरच्या पेजेकडे बघत म्हणाला, "सांगितलं, इझाबेलबायनं पाठवलंय. लगेच घेतले."

इझाबेलनं पावत्या त्याला परत दिल्या, डाव उचलला आणि खळ ढवळायला लागली.

"मग उद्या भाषन आखूड कर," ती म्हणाली.